क्वारी रो-वरचं ठेंगणं दार

माझे सासरे पहिल्यांदाच अमेरिकेत आले, आमच्या घरासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी आत येत नाही."

नेवार्कच्या विमानतळावरून आम्ही त्यांना आणलं होतं. बॅगा अजून गाडीतच होत्या. सासूबाई तरातरा आत जाऊन बाथरूम शोधत होत्या. आणि सासरे, आमचे मामाजी, रस्त्यावर, कोटावर मफलर गुंडाळून, दाराकडे बघत उभे. दारावर जो लांब काळा दगड आडवा टाकलेला आहे, तो बरोबर त्यांच्या नाकासमोर येत होता.

"काय झालं बाबा?" माझ्या नवऱ्याने, ईश्वरने विचारलं.

"वाकावं लागते."

"थोडंसं."

"थोडंसंच तर सांगतात सगळे," मामाजी म्हणाले. "खुर्ची आण. मी इथेच बसतो."

हे कोणाला म्हाताऱ्याचं खूळ वाटेल. वाटू द्या. ज्यांना तसं वाटतं त्यांच्या घरांची दारं पिढ्यान्‌पिढ्या उंच होती, म्हणून वाटतं. मामाजींचं गाव भंडारा जिल्ह्यातलं. गावाबाहेरच्या त्यांच्या घराचं दार कमरेएवढं. पाटलाच्या माणसाने हाक मारली की त्यांचे वडील वाकून बाहेर यायचे, आणि बाहेर आल्यावर त्यांना सरळ व्हायला वेळच मिळायचा नाही, कारण समोर तो माणूस उभा असायचा. मामाजी शिकले, पोस्टात लागले, पोस्टमास्तर म्हणून रिटायर झाले. नागपूरला घर बांधलं तेव्हा दार एवढं उंच काढलं की सुताराने विचारलं, साहेब, हत्ती पाळणार आहात काय. तेव्हापासून त्यांची शपथ आहे, की दारासाठी मान खाली घालायची नाही. बुद्धमूर्तीपुढे ते कपाळ जमिनीला टेकवतात. "तिथे मी वाकतो," ते म्हणतात. "मला कोणी वाकवत नाही." ज्याला फरक समजला त्याला समजला.

मग त्यांच्याच मुलाने असं घर घेतलंच कसं, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं. उत्तर असं की दार ठेंगणं आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. ईश्वर आईवर गेलाय, चणीने बारका. मी त्याच्याहून दोन बोटं कमी. आमची पायल नऊ वर्षांची. आम्ही तिघं आख्खा हिवाळा त्या दारातून ताठ मानेने ये-जा करत होतो. नागपूरला फोटो पाठवले ढिगाने. भिंतीचे, छपराचे, फायरप्लेसचे, खिडकीचे. प्रत्येक फोटोच्या वेळी ईश्वर ओरडायचा, "बाजूला व्हा रे, घर दिसू द्या पूर्ण." त्यामुळे एकाही फोटोत दाराशेजारी माणूस नाही. ज्याचं डोकं आपटत नाही त्याला चौकट दिसत नाही, हे मी जन्मभर दुसऱ्यांना सुनावत आले. आता ते आमच्याच घरात निघालं.

ईश्वरला दगडी घर हवं होतं, बस. त्यांच्या गावात दगडी घर एकच होतं, आणि ते कोणाचं होतं हे सांगायला नको. म्हणून २००५ च्या पानगळीत आम्ही न्यू जर्सीतलं एडिसनचं अपार्टमेंट सोडलं आणि पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या या खाणींच्या गावात आलो. इथल्या खाणीतून पाटीचा दगड निघायचा. आपण शाळेत ज्या पाटीवर अक्षरं गिरवली ना, तोच दगड. दीडशे वर्षांपूर्वी तो फोडायला वेल्समधून कामगार आले आणि येताना घर बांधायची आपली रीत घेऊन आले. त्यांच्या वस्तीतली आता पाच घरं उरली आहेत. या ओळीचं नाव क्वारी रो, म्हणजे खाणीची ओळ. पाचही घरं एकमेकांना चिकटलेली, टेकडीच्या उतारावरून एकेक पायरी उतरावी तशी खाली येणारी. कोपऱ्यांना मोठाले घडवलेले दगड आणि मधल्या भिंतीत हाताला लागेल तो. पण रचले असे आहेत की एक दगड हलत नाही. भिंत हातभर जाड, त्यामुळे प्रत्येक खिडकीत आतून एक कोनाडा तयार झालाय, त्यात पायल मांडी घालून बसते. छप्पर पाटीचं, कुंपण पाटीचं, पायरी पाटीची, दारावरचा तो आडवा दगडही पाटीचाच. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दोन घरांच्या मधल्या भिंतीत दोघांची फायरप्लेस पाठीला पाठ लावून आहे. शेजाऱ्याने जाळ केला की आपली भिंत ऊबदार होते. शेजाऱ्याशी भांडण असलं तरी होते.

एडिसनच्या मंडळींना हे काही पटलं नाही. अनीश म्हणाला, "रिसेल काय येणार यार? आणि ओक ट्री रोडच्या देशी दुकानांपासून दीड तास. भाजी कुठून आणणार?" त्याची बायको कांचन म्हणाली, "साउथ फेसिंग ना? आम्ही तर बघायलाही गेलो नसतो." हीच मंडळी पहिल्या भेटीत विचारतात, तुम्ही मूळचे कुठले. मी नागपूर म्हणते. मग म्हणतात, हो, पण मूळचे? ते गाव विचारत नसतात. काय विचारतात ते मला कळतं, आणि मला कळतं हे त्यांनाही कळतं. मी सरळ सांगून टाकते, "आम्ही बौद्ध. चहात साखर किती?" मग चहा फार शांततेत होतो. सगळे आपापल्या कपात बघतात.

तर मामाजी रस्त्यावर बसले. एप्रिल महिना, ऊन उतरलं तसा गार वारा सुटला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आत या मुकाट्यानं. वरण गरम आहे."

"इथे आण."

"पोलीस येतील."

"येऊ दे. परदेशात रस्त्यावर बसणं गुन्हा आहे काय?"

पायल कुंपणावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होती, "माय ग्रँडपा इज ऑन स्ट्राइक."

शेवटी तोड मामाजींनीच काढली. ईश्वरच्या कॉम्प्युटरसमोरची चाकांची खुर्ची त्यांनी बाहेर मागवली, तीत ताठ बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "ढकल."

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"बसून जातो. बसणं म्हणजे वाकणं नव्हे. कलेक्टरही बसते."

ईश्वरने मागून ढकललं, उंबऱ्यावर चाकं अडकली, मी पुढून ओढलं. त्या काळ्या दगडाखालून मामाजींचं टक्कल आरामात निसटलं. आत गेल्यावर ते खुर्चीतून उठले, कोट काढून खुंटीला लावला, हात कुठे धुवायचे विचारलं आणि पोटभर जेवले. जणू काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून हाच क्रम. फिरायला जाताना खुर्ची, परत येताना खुर्ची. बाहेर एकदा पडले की मात्र मजेत असायचे. मान वर करून ओळीची छपरं बघत बसायचे. "सुवर्णा," मला म्हणाले, "आमच्या शाळेत एक पाटी दोघांत होती. आणि यांनी घरावर घातल्या."

पण बुद्धपौर्णिमा जवळ येत होती. त्या दिवशी आम्ही गृहप्रवेशाची वंदना ठेवली होती. ती मामाजींनीच घ्यायची, त्यासाठी तर त्यांना त्या दिवसांत बोलावलं होतं. फिलाडेल्फियाहून आमची धम्मबंधू मंडळी येणार होती, एडिसनहून जुने शेजारी येणार होते. एका संध्याकाळी मामाजींनी ईश्वरला समोर बसवलं.

"हे खुर्चीचं घरच्यांपुरतं ठीक आहे. चार लोकांसमोर मी स्वतःला सामानासारखा ढकलून घेणार नाही. दार सरळ झालं तर पायांनी आत येईन. नाही तर पौर्णिमेआधी मला उत्तराकडे पाठव."

उत्तरा म्हणजे ईश्वरची मोठी बहीण, शिकागोजवळ शॉमबर्गला असते.

"तिच्याकडे दारं उंच आहेत," मामाजी म्हणाले.

"आणि भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, बाबा."

"पुठ्ठ्यात राहीन. ताठ राहीन."

ईश्वर हसला, पण तो नंतर बराच वेळ भांडी घासत राहिला. घासलेलीच परत. त्याने हे घर कशासाठी घेतलं होतं ते मला ठाऊक होतं. आपला बाप दगडी घरात आपल्या पायांनी शिरताना त्याला बघायचा होता. एवढ्या एका दृश्यासाठी तो रोज हायवेवर तासन्‌तास गाडी चालवत होता. आणि बाप म्हणत होता शॉमबर्ग.

तेवढ्यात मिसेस प्रॉसर पाय घेऊन आली. खायचा पाय, सफरचंदाचा. ग्वेन प्रॉसर ही ओळीतल्या सगळ्यात खालच्या घरात राहते, सत्तरी ओलांडलेली, पणजोबा खाणकामगार, जन्म त्याच घरातला. क्वारी रोची एक जतन कमिटी आहे. कमिटी म्हणजे मिसेस प्रॉसर, आणि मिसेस प्रॉसर सांगेल तिथे हात वर करणारे दोन जण. घर विकत तुम्ही घ्यायचं, पण बाहेरून खिळा मारायचा तर बाईला विचारायचं. असल्या कमिट्यांचा मला मनापासून राग आहे. माणसं पडकी चालतात, घरं पडकी चालत नाहीत. पण बाई पाय फार सुंदर करते हेही खरं.

"तुमच्या सासऱ्यांसाठी आम्ही रॅम्पला परवानगी देऊ," ती प्रेमाने म्हणाली. "व्हीलचेअर असेल तर नियमात सूट आहे."

मामाजी उठून उभे राहिले. "व्हॉट व्हीलचेअर, मॅडम? आय ॲम हेल, हार्टी अँड अपराइट."

बाईने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बराच वेळ लागला. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी तिला सगळं सांगितलं. गाव, कमरेएवढं दार, पाटलाचा माणूस. गोड करून सांगितलं नाही. अमेरिकनांना आपल्याकडचं सगळं मसाल्याच्या वासाचं ऐकायची सवय असते, ती मोडलेली बरी.

तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "वरचा दगड मी हलवू देऊ शकत नाही. त्याच्यावर भिंतीचा भार आहे आणि बरोबर वर खिडकी आहे. आणि शिवाय आमच्या लोकांनी ही दारं मुद्दाम ठेंगणी केली. आत येणाऱ्याने मान वाकवावी म्हणून. नम्रता. खाणमालक आला तरी त्यानेही वाकावं. दरवर्षी शाळेतली मुलं ओळ बघायला येतात, त्यांना मी हीच गोष्ट सांगते."

मामाजींनी विचार केला. "अँड दि ओनर, मॅडम. डिड ही एव्हर कम टू दीज हाउसेस?"

मिसेस प्रॉसरने पाय कापायला सुरी घेतली. "नाही," ती म्हणाली. "तो कशाला येईल इथे."

"देन हू वॉज बेंडिंग?"

बाईने सुरी तशीच धरून ठेवली. "आम्हीच," ती म्हणाली. मग निघताना दारात वाकली. तिची पाठ दुखते, त्यामुळे वाकताना ती तोंडातून एक बारीक आवाज काढते. तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दगड मात्र हलणार नव्हता. आणि मला कितीही राग असला तरी या बाबतीत बाई खरी होती. तो काढला असता तर वरची खिडकी आमच्या ताटात आली असती. ईश्वरने शॉमबर्गचं तिकीट बघायला घेतलं.

या सगळ्या भानगडीत सासूबाईंना एकच दुःख होतं. भाजीवर घालायला ताजी कोथिंबीर नाही. दुकानातून आणलेली त्यांना गवत वाटायची. त्यांनी नागपूरहून येताना धण्याची पुडी आणि खुरपं आणलं होतं. होय, खुरपं, विमानातून, साडीत गुंडाळून. कमिटीच्या नियमांत कोथिंबिरीबद्दल काही लिहिलेलं नाही हे मी बघून घेतलं. दाराच्या उजव्या बाजूला भिंतीलगत मातीची एक पट्टी होती. शनिवारी सकाळी त्या तिथे बसल्या आणि खणायला लागल्या. मामाजी आपल्या चाकांच्या खुर्चीत रस्त्याच्या कडेला पेपर वाचत होते.

थोड्या वेळाने हाक आली. "सुवर्णा, ही भिंत खाली पांढरी काहून आहे?"

मी जाऊन बघितलं. वरची भिंत करड्या दगडाची, जशी सगळ्या ओळीची आहे. पण मातीखाली जिथे सासूबाईंनी उकरलं होतं, तिथे दगड पांढरा. मी नखाने खरवडलं. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, सगळं खरवडून बघायची सवय. चुना होता. जुना, घट्ट बसलेला. वरचा पावसापाण्याने कधीच धुऊन गेला, खालचा मातीने राखला.

"मातीत गाडायची भिंत कोणी रंगवते काय?" सासूबाई म्हणाल्या, आणि आणखी खाली खणायला लागल्या, कारण त्यांना अजूनही धणे पेरायचे होते.

खुरपं खण्‌कन वाजलं. एक सपाट पाटीचा दगड. मी ईश्वरला हाक मारली. तो फावडं घेऊन आला. दारासमोरची जी पायरी आम्ही पायरी समजत होतो, तिच्या बाजूने त्याने माती काढली. तिच्याखाली दुसरी पायरी होती. आणि तिच्याखाली आणखी एक, रुंद, मधोमध झिजून बशीसारखी झालेली. एवढी झिजायला दोन-तीन पिढ्यांचे बूट लागतात. दाराची चौकट आमच्या उंबऱ्यापाशी संपत नव्हती. ती सरळ खाली त्या झिजलेल्या दगडापर्यंत गेली होती. मध्ये कोणीतरी दोन चिरे टाकून तिचे पाय बुजवले होते.

मामाजी पेपर टाकून आले. खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. एकदा खालच्या पायरीकडे बघितलं, एकदा वरच्या काळ्या दगडाकडे. मग परत खाली.

"दार ठेंगणं नाही," ते म्हणाले. "जमीन वर आली."

सासूबाईंच्या हातात अजून धण्याची पुडी होती.

"स्टॉप." खालच्या घराकडून मिसेस प्रॉसर चढ चढून येत होती, ॲप्रन तसाच, हात पिठाचे. "हे काय चाललंय? परवानगी कुठे आहे?"

मी कमरेवर हात ठेवून तयारच होते. दोन वाक्यं तर मी हिवाळ्यापासून पाठ करून ठेवली होती. पण मामाजी मध्ये आले. पोस्टात कोणी तक्रार घेऊन आलं की ते जसे काउंटरमागून बाहेर येत असतील तसे.

"मॅडम, नथिंग इज ब्रोकन. काइंडली इन्स्पेक्ट."

बाई गुडघ्यांवर बसली. पांढऱ्या भिंतीवर तिने बोट फिरवलं. मग झिजलेल्या पायरीच्या खोलगट भागात पूर्ण तळवा ठेवला. तिथे पीठ लागलं. मला वाटलं आता रडते की काय.

"माझे वडील राख आणायचे," ती शेवटी म्हणाली. "बादल्याच्या बादल्या. मी अगदी लहान होते. खाणीवर ट्रक यायला लागले तेव्हा खाणीचा चुरा टाकटाकून रस्ता उंच केला. मग पावसाचं पाणी घरांत शिरायचं. म्हणून सगळ्यांनी घरात राख आणि चुरा भरला, वर फळ्या ठोकल्या. मला ते खेळ वाटायचं. मी त्या राखेवर उड्या मारायचे." तिने वर बघितलं. "तेव्हा मी दोन फूट उंच होते. वडील वाकायला लागले ते मला कळलंच नाही."

मग तिला आणखी काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा पडला. "म्हणजे मी इतकी वर्षं तिसरीच्या मुलांना खोटं सांगत आले."

"नॉट लाइंग, मॅडम," मामाजी म्हणाले. "राँग ॲड्रेस. इट हॅपन्स."

बाई उठली. ॲप्रन झटकला. "कमिटीचा नियम असा आहे," ती माझ्याकडे बघून अधिकाराच्या आवाजात म्हणाली, "की मूळ बांधकामात फेरफार करता येणार नाही."

मी तोंड उघडलं.

"आणि मूळ बांधकाम हे आहे," तिने खड्ड्याकडे बोट दाखवलं. "वरचं सगळं फेरफार आहे."

ती तरातरा घरी गेली. ईश्वर म्हणाला, फोन करायला गेली असेल कोणाला तरी. ती परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर तिच्या मेलेल्या नवऱ्याचं फावडं होतं, तिच्याहून उंच.

त्यानंतर आमच्या घरात जो धिंगाणा झाला तो विचारू नका. ईश्वरने सुट्टी टाकली. खालच्या खोलीतलं सामान वर नेलं, फळ्या उचकटल्या. खाली खरंच राख, पाटीचा चुरा, तुटक्या चिलमी. सगळ्याच्या तळाशी मूळची फरशी, काळ्या पाटीची, धुतल्यावर अशी चमकली की सासूबाईंनी तिच्यावर चप्पल घालून फिरायला बंदी केली. उंबऱ्यातले दोन चिरे ईश्वरने पहारीने काढले, ते दातासारखे निघाले. पावसाचं पाणी पुन्हा आत येऊ नये म्हणून त्याने पायऱ्यांच्या कडेने खडीची नाली केली, त्यासाठी इंटरनेटवर दोन दिवस वाचलं आणि एका दिवसात खणली. आमची जेवणं जिन्यावर बसून. मामाजींना रात्री खुर्चीसकट उचलून आत घ्यायचो, कारण पायांनी शिरायचं ते पौर्णिमेलाच असं त्यांनी ठरवलं होतं. शॉमबर्गहून उत्तराताई रोज फोन करायच्या, "बाबा येऊन राहिले की नाही?" आणि मामाजी म्हणायचे, "थांब, मी बिझी आहे." त्यांच्या डोक्यावर रुमाल, हातात घमेलं. मिसेस प्रॉसर प्रत्येक घमेल्यात डोकावून बघायची, आपल्या वडिलांनी भरलेली राख असल्यासारखी.

पौर्णिमेच्या सकाळपर्यंत सगळं झालं, एक ढीग सोडून. राख आणि चुऱ्याचा तो ढीग नेमका दारासमोर होता. पाहुणे यायला लागले. अनीश कुर्ता घालून, कांचन रेशमी साडीत, हातात मिठाईचा डबा.

"अनीश, तुम्ही इंजिनिअर ना?" मामाजींनी विचारलं.

"सॉफ्टवेअर, काका."

"चालते. फावडं घ्या."

अनीशने ईश्वरकडे बघितलं. ईश्वरने आभाळाकडे बघितलं. अनीशने बाह्या सरकवल्या. थोड्या वेळाने कांचनही बादली घेऊन उभी, साडीचा पदर कमरेला, आणि तिला दक्षिण कुठे ते विचारायला वेळ नव्हता. फिलाडेल्फियाची मंडळी आली त्यांनीही हात लावला. ढीग संपला तेव्हा सगळ्यांचे पाय करडे झाले होते. कोण मूळचा कुठला, काही सांगता आलं नसतं. मी बघून हसले, अगदी उघड हसले.

मामाजींनी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला. आंघोळीला अर्थात मिसेस प्रॉसरकडे गेले नव्हते, तिचं दार अजून तसंच होतं. कपडे, बादली सगळं ओळीला वळसा घालून मागच्या अंगणात नेलं आणि चादरीच्या आडोशाला गार पाण्याने उरकलं. मग ते पुढे येऊन रस्त्यावर उभे राहिले. सगळे बाजूला झाले. ईश्वर आत फायरप्लेसपाशी उभा होता. तिथून त्याला दार पूर्ण दिसत होतं.

मामाजी एक पायरी उतरले. दुसरी उतरले. झिजलेल्या पायरीवर दोन्ही पाय ठेवून थांबले. तो काळा दगड आता त्यांच्या डोक्याच्या वर होता. त्यांनी हात उचलला, टक्कल आणि दगड यांच्या मधल्या जागेत पंजा आडवा घातला. पंजा बसला, वर थोडी जागा उरली.

पण ते आत गेले नाहीत. वळून म्हणाले, "अंजना."

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. "मला काय बोलावता. मी तर रोजच जाते."

"खणलं तू. आधी तू."

"लोक बघून राहिले."

"बघू दे."

सासूबाई पदर सावरत उतरल्या आणि गेल्या. मागून मामाजी. मान हलली नाही, खांदा हलला नाही. चालत सरळ समोरच्या टेबलापर्यंत गेले, जिथे आम्ही मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो ठेवला होता. तिथे त्यांनी गुडघे टेकले, हात टेकले आणि त्या काळ्या फरशीवर कपाळ ठेवलं. बराच वेळ उचललं नाही. ईश्वर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शेजाऱ्याने जाळ केलेला असावा, कारण तो भिंतीला हात लावून ती ऊबदार आहे असं कोणाला तरी सांगत होता, आणि ऐकायला शेजारी कोणीच नव्हतं.

मग मामाजींनी वंदना घेतली. पोस्टमास्तरचा आवाज, पाची घरांना ऐकू गेला असेल.

ते शॉमबर्गला गेले ते थेट ऑगस्टमध्ये. तोवर मिसेस प्रॉसरचंही दार खणून झालं होतं. जन्माची सवय, ती बाई अजून दारात आली की वाकते, तो बारीक आवाज काढते. मामाजी समोर आपल्या चाकांच्या खुर्चीत बसलेले असायचे.

"मॅडम," ते पेपरातून वर बघत म्हणायचे, "हेड अप."

ती चटकन सरळ व्हायची, केसांवरून हात फिरवायची आणि राणीसारखी आत जायची.

शाळेतल्या मुलांना ती आता नवीन गोष्ट सांगते. त्यात नम्रता नाही. खाण आहे, ट्रक आहेत, वर आलेला रस्ता आहे, आणि शेवटी नागपूरची एक बाई आहे, जिला कोथिंबीर लावायची होती. मुलं विचारतात, मग लागली का?

नाही लागली. पाची घरांपुढची सगळी माती खणून झाली. "सगळ्यांची दारं मोठी झाली," सासूबाई मला परवा फोनवर म्हणाल्या. "माझे धणे तसेच राहिले."